अक्काचा स्वेटर आणि माझी वही

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोन तू ठेवलास की माझ्याकडून बंद झाला, यावर घरात एकमत नाही. तुझी आई म्हणते, आवाज आधी मीच चढवला. चढवला असेन. तीन दिवस झाले, तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी मला फोनवर धड बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. समोर माणूस दिसत नसलं की माझ्या तोंडून एक तर हुकूम निघतो, नाहीतर कोरडी चौकशी. म्हणून कागद घेतला. रागवायला लिहीत नाही. एक सांगायचं आहे आणि एक विचारायचं आहे. विचारायचं ते आधीच विचारून मोकळा होतो, म्हणजे सारखं मध्ये येणार नाही: शेजारच्या बाईंकडे जादा किल्ली दिलीस का?

झालं. आता पुन्हा काढणार नाही.

अक्काचा फोन सोमवारी आला. ती तक्रार करणाऱ्यांतली नाही. आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी, मग आईच्या तब्येतीची, मग इकडचं तिकडचं, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "अरे, मनूने मला मजुरी धाडली." मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मग तिने सगळं सांगितलं. तिने विणलेल्या स्वेटरबद्दल तू पाठवलेलं ते गिफ्ट कार्ड तिला मोबाइलवर उघडता येईना, म्हणून खालच्या मजल्यावरच्या मुलाला बोलावलं. त्याने उघडलं आणि आकडा मोठ्याने वाचून दाखवला. त्या पोराचा काय दोष, त्या कार्डावर वाचण्यासारखं आकड्याशिवाय दुसरं काही नव्हतंच. "लोकर धरून, माझे दिवस धरून बरोबर बसतं बघ," अक्का म्हणाली, "उलट थोडे जास्तच आलेत." हसत बोलत होती. तिचं ते हसणं मी साठ वर्षं ऐकतोय.

मग मी तुला फोन केला आणि तिचा शब्द उचलून तुझ्या अंगावर फेकला. तो शब्द माझा नव्हता. तिने तो दुखऱ्या जागेवरून उच्चारला होता, मी दगडासारखा वापरला. तू म्हणालीस, "बाबा, तुम्हीच शिकवलंत, कुणाचं ठेवायचं नाही."

शिकवलं. ते नाकारून मी जाणार कुठे? ती वही अजून कपाटात आहे. लांबट, खाकी पुठ्ठ्याची, आत तीन रकाने आखलेले: कुणी, काय, कधी फेडलं. तू अक्षरं लावून वाचायला लागलीस ती त्या वहीतली नावं वाचून. तुझ्या वाढदिवसाला आलेली रंगपेटी, चित्रांचं पुस्तक, लाकडी कोडं, सगळं त्यात आहे, आणि तिसऱ्या रकान्यात तारीख मी तुझ्याकडूनच घालून घ्यायचो. तू ३ उलटा काढायचीस, तो ६ दिसायचा. काही तारखा त्यामुळे आजही चुकीच्या आहेत. बाकीची मुलं कागद फाडून आत काय आहे ते बघायची, आणि तू माझ्याकडे वळून विचारायचीस, "बाबा, याचं आपण काय द्यायचं?" मला त्याचा अभिमान वाटायचा गं. चारचौघांत सांगायचो. एवढीशी पोर, पण कुणाचं मिंधं राहायचं नाही हे तिला कळतं, म्हणून.

आता ते "कुणाचं मिंधं राहायचं नाही" कुठून आलं, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. नुसतीच वही हातात दिली होती.

मी अकरा वर्षांचा होतो. एका नातेवाइकांनी त्यांच्या मुलाचा कोट मला दिला. चांगला होता, जाड, आतलं अस्तर शाबूत. तीन हिवाळे मी तो घातला. आणि त्या तीनही हिवाळ्यांत ते कुठेही भेटले, चार माणसांत असले, की जवळ येऊन माझी कॉलर दोन बोटांत धरायचे, उलटवून अस्तर बघायचे आणि म्हणायचे, "आमचाच आहे हा." मनात वाईट नसेलही त्यांच्या. पण ती दोन बोटं मला आजही मानेपाशी लागतात. तुझे आजोबा बाजूला उभे असायचे, खाली बघत. चौथ्या वर्षी कोट आखूड झाला तेव्हा मला इतका आनंद झाला, की रात्री झोप आली नाही. वही त्या कोटातून आली, मनू. हिशेबीपणातून नाही. मी स्वतःशी ठरवलं होतं की माझ्या लेकराच्या कॉलरला असा कुणाचा हात लागणार नाही.

इंग्रजीत भेटवस्तूला गिफ्ट म्हणतात, आणि जर्मन भाषेत हाच शब्द विषाला वापरतात. दोन्हींचं मूळ 'देणे' याच क्रियापदात आहे. वर्गात हे सांगितलं की मुलं हसायची. मला कोट आठवायचा. तेव्हा तू सगळंच चुकलीस असं मी म्हणत नाही. काही देणं असं असतं की ते घेतल्यावर माणूस वाकतो, आणि ते जितक्या लवकर अंगावरून उतरेल तितकं बरं. जो देऊन लक्षात ठेवतो, त्याचं फेडून टाक, खुशाल फेड. पण अक्का तशी आहे का? सांग.

तीस वर्षं मी समाजशास्त्र शिकवलं. मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाचा भेटवस्तूंवरचा निबंध १९२५ साली प्रसिद्ध झाला, त्या पाठाला दरवर्षी फळ्यावर तीन शब्द लिहायचो: देणं, घेणं, परत देणं. मॉस म्हणतो, माणसं एकमेकांना बांधली जातात ती या तीनही बंधनांनी. पहिल्या शब्दावर मी पंधरा मिनिटं बोलायचो, तिसऱ्यावर अर्धा तास. मधल्यावर मी कधी थांबलो नाही. वाटायचं, घेण्यात काय आहे, हात पुढे केला की झालं. मॉस तर स्वच्छ लिहून गेला आहे की दिलेलं न घेणं म्हणजे नातंच नाकारणं, जवळजवळ युद्ध पुकारणं. मी ते परीक्षेत विचारलंय. उत्तराला पूर्ण गुण दिलेत. आणि संध्याकाळी घरी येऊन तुझ्यापुढे वही उघडली आहे.

मालिनोवस्कीचं तुला गोष्टीसारखं सांगायचो, आठवतं? तुझा दात पडला होता आणि तू झोपत नव्हतीस, तेव्हा. पहिल्या महायुद्धाच्या काळात हा माणूस न्यू गिनीच्या पूर्वेकडच्या ट्रोब्रियांड बेटांवर जाऊन राहिला, आणि १९२२ साली त्याने जगाला सांगितलं की तिथली माणसं होड्यांतून समुद्र ओलांडून एकमेकांना शिंपल्यांचे दागिने द्यायला जातात. लाल शिंपल्यांच्या माळा बेटाबेटांतून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत राहतात, पांढऱ्या शिंपल्यांची कडी उलट दिशेने, आणि कुणीच काही कायमचं ठेवून घेत नाही. तू विचारलं होतंस, "मग उपयोग काय त्याचा?" मी म्हणालो होतो, "जायला-यायला कारण मिळतं." तेव्हा बरं उत्तर दिलं होतं मी. त्यातला पुढचा भाग मात्र तुला सांगितला नव्हता. त्या बेटांवर साधा व्यवहारही चालायचा, घासाघीस करून मालाला माल. त्याला ते गिमवली म्हणायचे, आणि माळा-कड्यांच्या देवघेवीला कुला. ज्याला कुलाची रीत सांभाळता येत नाही त्याच्याबद्दल लोक नाक मुरडून म्हणत, हा कुला करतो तो गिमवलीसारखा. अक्काने यातलं एक अक्षर वाचलेलं नाही. तिने 'मजुरी' म्हटलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते पान आलं.

स्वेटर तुला मंगळवारी मिळाला. कार्ड शुक्रवारी गेलं. बोर्द्यू म्हणून आणखी एक फ्रेंच अभ्यासक आहे, त्याने १९७२ साली यावरच बोट ठेवलं होतं: मिळालेलं लगेच आणि तेवढ्यास तेवढं परत केलं तर ते परत केल्यासारखं होत नाही, नको म्हटल्यासारखं होतं. मध्ये दिवस जाऊ द्यावे लागतात. त्या दिवसांत माणूस दुसऱ्याचं काहीतरी जवळ बाळगून असतो. तू अक्काचं काही बाळगलंच नाहीस. मिळालेली वस्तू आधी अंगावर घालावी, मनू. वापरावी. दिलेल्याला फोन करून सांगावं, आज घातला होता, एकीने विचारलं कुणी विणला. त्याच्या बदल्यात काय, हा विचार डोक्यात आला तरी दाबावा, निदान ऋतू बदलेपर्यंत. कुणी काही देऊ केलं तर "कशाला उगाच" म्हणू नये. कुणी मदतीला येतो म्हटलं तर येऊ द्यावं. कुणी किल्ली ठेवतो म्हटलं तर ठेवायला द्यावी, त्याने कुणी लहान होत नाही, आणि

पाहा, सुरू झालं. तुझी आई मागे उभी राहून वाचत होती, म्हणाली, "पत्र लिहिताय की तास घेताय?" माफ कर. वरचा परिच्छेद खोडणार होतो, पण खोडलेलं तू उजेडात धरून वाचशीलच, लहानपणापासूनची सवय तुझी.

तू म्हणशील, मला द्यायला आवडतं, त्यात वाईट काय? काही वाईट नाही. त्याला पुरावासुद्धा आहे. एलिझाबेथ डन, लारा अ‍ॅकनिन आणि मायकेल नॉर्टन यांनी २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग छापला होता. सकाळी ४६ जणांच्या हातात ५ किंवा २० डॉलर ठेवले आणि संध्याकाळी पाचच्या आत खर्च करायला सांगितले, काहींना स्वतःवर, काहींना दुसऱ्या कुणावर. दुसऱ्यावर खर्च केलेले संध्याकाळी जास्त खूश होते, आणि हातात ५ होते की २०, याने काही फरक पडला नाही. तेव्हा तुझा आनंद खरा आहे. पण देणाऱ्याला तो आनंद व्हायला घेणारं कुणी लागतं. अक्काला तीन महिने तो पुरला असता. तू शुक्रवारी पैसे चुकते करून तो संपवलास.

पुन्हा कठोर झालं. तसं म्हणायचं नव्हतं.

तुला द्यायचं कळत नाही, असं मी म्हणूच शकत नाही. तू तिसरीत होतीस, मैत्रिणीला द्यायला कंपासपेटी आणली होती. तिच्यावर किमतीची चिठ्ठी चिकटवलेली. तू उंबऱ्यात बसून, बोटाला थुंकी लावून, नखाने ती चिठ्ठी काढत होतीस. वरचा कागद निघाला, खालचा चिकटा राहिला. मग खोडरबराने तो घासलास, मळकट वळ्या होऊन निघून येईपर्यंत. मी म्हणालो, "अगं राहू दे की." तू वर न बघता म्हणालीस, "ती मग तेच बघेल, पेटी नाही बघणार." फळ्यापुढे तीस वर्षं उभं राहून मला जे नीट सांगता आलं नाही, ते तू खोडरबर हातात घेऊन सांगितलंस. त्याच मुलीने अक्काला नुसती चिठ्ठी पाठवली, पेटी पाठवलीच नाही, हे माझ्याच्याने सहन झालं नाही. म्हणून आवाज चढला.

आता मला माझं एक सांगू दे. हे लिहायला मी दोन वेळा पेन खाली ठेवलं.

दोन वर्षांपूर्वी तू मला श्रवणयंत्रं आणलीस. नुसती विकत आणली नाहीस. तीन आठवडे त्याविषयी वाचत होतीस, तपासणीला स्वतः घेऊन गेलीस, घरी आल्यावर दुसऱ्या खोलीत जाऊन हळू आवाजात, मग जाड आवाजात, मग कुजबुजत बोललीस आणि दर वेळी विचारलंस, "आता? आता?" पंख्याचा आवाज मला किती वर्षांनी ऐकू आला. आई भंडावून सोडत होती मला तो आवाज आहे आहे म्हणून, आणि मी नाही नाही म्हणत होतो. आणि पुढच्याच महिन्यात मी काय केलं? त्या यंत्रांचे सगळे पैसे तुझ्या खात्यात भरले. तुला न सांगता. वहीत लिहिलं, तारीख घातली, शांत झोपलो. तू दोन दिवस बोलली नाहीस. मला वाटलं, कामात असशील. परवा अक्काचं ते हसणं ऐकलं आणि तुझे ते दोन दिवस मला ऐकू आले.

तेव्हा तू अक्काशी जे केलंस ते मी तुझ्याशी आधी केलं होतं. मला ते पैसे परत मागायचे नाहीत, त्याने आणखीच घोळ होईल. पण त्या वहीतली ती ओळ मी काल खोडली. तिसरा रकाना आता रिकामा आहे. श्रवणयंत्रं माझ्याकडे तुझी म्हणून राहू देत.

निवृत्तीच्या दिवशी निरोप समारंभात मी बोललो होतो, "मी आपल्या ऋणातच राहणं पसंत करीन." सगळेच म्हणतात, मीही म्हणालो. आणि आठवड्याच्या आत, ज्यांनी ज्यांनी काही दिलं होतं त्यांना प्रत्येकी एक पेन धाडलं. एकानेही ते पेन माझ्यासमोर कधी वापरलं नाही. ऋणात राहणं तोंडाने म्हणायला सोपं आहे, मनू. मला एक दिवस राहता आलं नाही.

आणि म्हणूनच मला भीती वाटते. गेल्या हिवाळ्यात तू चार दिवस तापाने पडून होतीस, ते आम्हाला सहाव्या दिवशी कळलं. शेजारच्या बाईंनी दार वाजवलं होतं, तू उघडलं नाहीस. त्यांनी दाराखालून चिठ्ठी सरकवली, काही लागलं तर सांग. तू सांगितलं नाहीस. बरी झाल्यावर त्यांना मोठा फुलांचा गुच्छ नेऊन दिलास, चिठ्ठीबद्दल. हे तू मला कौतुकाने सांगितलंस, आणि मीही "छान केलंस" म्हणालो! रात्री मात्र मला दिसत राहिलं की तू आत पडली आहेस, दाराखालून कागद आत आला आहे, आणि तू तो वाचून उशीखाली ठेवते आहेस. त्या बाईंनी नंतर किल्ली मागितली, तू म्हणालीस, नको, उगाच उपकार होतील. कुणाचे उपकार नकोत म्हणून तू दार आतून लावून घेशील आणि बाहेर उभं असलेल्या माणसाला कळणारही नाही, हे माझ्या डोक्यातून जात नाही. किल्लीचं पुन्हा काढणार नव्हतो. निघालंच.

इथे थांबतो. उरलेलं उद्या लिहीन.

दुसरा दिवस, संध्याकाळ.

काल रात्री वही पुन्हा काढून बसलो होतो. तुझ्या जन्माचं पान तुला कधी दाखवलं नाही, कारण त्यात एक जागा रिकामी आहे आणि मला तिची लाज वाटायची. त्या रात्री तुझ्या आईला रक्त लागलं. तिचा गट सहज मिळणारा नव्हता. दोन पिशव्या मिळाल्या. मी खिडकीशी जाऊन देणाऱ्याचं नाव विचारलं, आतला माणूस म्हणाला, नाव सांगत नाहीत. मी वहीत लिहिलं: रक्त, पिशव्या २. 'कुणी' या रकान्यात काही नाही, 'कधी फेडलं' मध्येही काही नाही. बाकी पूर्ण वहीत असं पान नाही.

साठवलेलं रक्त फार तर ४२ दिवस चालतं. म्हणजे तुझ्या जन्माच्या आधीच्या सहा आठवड्यांत कधीतरी दोन माणसं, कदाचित एकमेकांना न ओळखणारी, बाही वर करून, मूठ आवळत-सोडत पडून राहिली असतील. उठून घरी गेली असतील. त्यांना तुझी आई माहीत नव्हती, तू तर जगातच नव्हतीस. पुढे कुणाच्या अंगात ते गेलं, हे त्यांना आजही ठाऊक नाही. त्यांनी दिलं नसतं तर मी हे पत्र कुणाला लिहिलं असतं, हा विचार मी करत नाही. करवत नाही.

तू अठराची झाल्यापासून रक्त देतेस. त्याची कार्डं तू इकडेतिकडे टाकतेस, आईने ती सगळी रबराने बांधून ठेवली आहेत. अकरा आहेत. मला तुझा जो काही अभिमान आहे त्यातला मोठा भाग त्या अकरा कार्डांत आहे, तुझ्या हुद्द्यात नाही, हे तुला माहीत असू दे. पण काल मला प्रश्न पडला. रक्ताच्या बाबतीत तुला चालतं, कुणाचं कुणाला जातं याचा हिशेब तू मागत नाहीस, मग अक्काचा स्वेटर का जड होतो? मला वाटतं, रक्तावर चेहरा नसतो. चेहऱ्याच्या माणसाकडून घ्यायचं आणि घेतल्यावर त्याच्या डोळ्यांकडे बघायचं, हे आपल्या दोघांनाही जमत नाही. तुझ्या आईला जमतं बघ. तिला कुणी काही दिलं की ती लगेच उलगडते, अंगाला लावते, आणि देणाऱ्यालाच विचारते, "मला चांगलं दिसतं ना?" मी आयुष्यभर त्याला अघळपघळपणा म्हणत आलो.

आज दुपारी अक्काकडे जाऊन आलो. कार्डाबद्दल मी काही बोललो नाही, तीही बोलली नाही. खिडकीपाशी खुर्ची होती, खाली पिशवीत तुझ्या स्वेटरची उरलेली गडद निळी लोकर. गडद रंगाचे टाके तिला आता दिसत नाहीत. फक्त बारा ते दोन, ऊन खिडकीतून थेट मांडीवर येतं तेवढ्या वेळात विणायची, ऊन सरकलं की सुया ठेवून द्यायची. पाठीचा भाग दोनदा उसवला. एकदा मोजण्यात टाके चुकले म्हणून आणि एकदा, ती म्हणाली, "मनाला येईना म्हणून."

माझ्या तोंडून निघून गेलं. फोनवर तू म्हणाली होतीस ना, "एक बाही लांब झाली आहे बाबा, पण मी आत्याला बोलले नाही"? ते मी सांगायचं नाही असं ठरवून गेलो होतो. अक्का हसली. या वेळचं हसणं वेगळं होतं. "डावी ना? बोटभर. मोजून केली आहे ती." मग म्हणाली, हाताला भाजल्यानंतर मनू डावी बाही सारखी तळव्यावर ओढायची, प्रत्येक स्वेटरची ती बाही ताणून ताणून सैल व्हायची. थंडीत तो डाग ओढल्यासारखा होतो म्हणायची. "अजून होत असेल. आता मोठी झाली, बाही ओढायला लाजत असेल चारचौघांत. म्हणून आधीच लांब केली."

मला तो डाग आठवतो. तो कसा पडला तेही, त्या दिवशी स्वयंपाकघरात कोण होतं तेही. बाही ओढायचीस हे मात्र माझ्या लक्षात नव्हतं, मनू. वहीत कुठेच नाही ते.

घरी येऊन जुने फोटो काढले. त्या वर्षीच्या सगळ्या फोटोंत तुझा डावा हात बाहीत आहे. शाळेच्या फोटोतसुद्धा, तिसऱ्या ओळीत, बाकी सगळ्यांचे हात शिस्तीत बाजूला, तुझी मूठ बाहीत घट्ट.

आपल्याकडे भेट म्हणजे दिलेली वस्तूही आणि माणसाला माणूस भेटणंही. मी भाषेचा माणूस नाही, पण त्या खुर्चीपाशी उभा असताना मला वाटलं, अक्का तीन महिने रोज दुपारी तुला भेटत होती. तुला कळायचं राहून गेलं. माझ्यामुळे.

तिला फोन कर. माफी मागू नकोस, तिला अवघडल्यासारखं होईल. नुसतं सांग की बाही बरोबर बसली. कार्डाचं काय करायचं ते तिने ठरवलं आहे, त्यात तू पडू नकोस.

उरलेल्या लोकरीची ती तुला टोपी विणणार आहे. डोक्याचं माप हवंय. मी म्हणालो, कळवेल सेंटिमीटरमध्ये. तर नको म्हणाली. सुतळी घ्यायची, डोक्याभोवती कानांवरून फिरवायची, जिथे टोकं भेटतात तिथे गाठ मारायची आणि ती सुतळीच पाकिटात घालून पाठवायची. आकडा नको, सुतळी पाठव. उन्हाचे दिवस थोडे राहिलेत, तेव्हा लवकर धाड. आणि सोबत दुसरं काही घालू नकोस.

तुझा
बाबा

ता. क. आई विचारते आहे, किल्लीचं काय ठरलं. आई झोपली आहे खरं तर. मीच विचारतोय.